मळ्यात मर कुणी आणली

आमच्या घराला दोन वास होते, ओल्या गोणपाटाचा आणि खुडलेल्या पानांचा. निमगाव केतकीत ज्यांचा पानमळा असतो त्यांच्या पडवीत हे वास कायमचे राहायला आलेले असतात. पडवीत गोणपाट अंथरलेले असे, त्यावर पाणी शिंपडलेले, आणि भोवती बसून घरातल्या बायका पाने निवडत. नितळ, पातळ, मोठे पान एका बाजूला. जाड, चिरलेले, डागी पान दुसऱ्या बाजूला. हात चालत तशी तोंडेही चालत. सकाळच्या पहिल्या एसटीच्या टपावर पानांचे करंडे चढत आणि बारामतीच्या बाजाराला जात. कंडक्टरला दहा पाने वेगळी बांधून द्यावी लागत, म्हणजे करंडे हळू ठेवले जात.

मळा घरापासून हाकेच्या अंतरावर होता. बाहेरून तो नुसता हिरवा कूड दिसे. आत शेवरी, हादगा आणि शेवगा दाट लावलेले, त्यांच्या सावलीत आणि त्यांच्याच अंगावर नागवेली चढवलेल्या. बाहेर ऊन भाजत असले तरी आत अंधूक आणि गार असे. अंगठ्याला लोखंडी नखी चढवून देठाशी पान तोडले की टक असा बारीक आवाज येई. पाच-सहा जण खुडायला असले की बोलणे थांबल्यावर सगळ्या मळ्यात तेवढाच आवाज राही. वरची पाने शिडी लावून गडी खुडत, हाताला येणारी बायका. मळा जेवणही देई. दिवाळीनंतर हादग्याची फुले पदरात गोळा करून आणायची, त्यातला कडू भाग काढायचा आणि बेसन पेरून भाजी करायची. सोबत बाजरीची भाकरी. माझे वडील साखर कारखान्यात नोकरीला होते आणि उसाखेरीज दुसऱ्या पिकाबद्दल बोलत नसत, पण या भाजीसाठी ते दुपारी सायकल मारत घरी येत.

नागवेल देवाची मानतात. मळ्यात पायताण घालून जात नाहीत. आणि बाईने महिन्यातले चार दिवस मळ्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचे नाही, टाकले तर वेल करपतो. हे कुणी मला शिकवल्याचे आठवत नाही. ऊन तापते हे जसे शिकवावे लागत नाही तसे ते ठाऊक होते. पद्धत अशी होती की अडचण आली की त्या बाईने मोठ्या आईला सांगायचे. मोठी आई म्हणजे आबांच्या पत्नी, माझ्या आईच्या आक्का, आणि आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घराचे आणि मळ्याचे कर्ते. मोठी आई आबांना म्हणे, "हिला आज घरी काम हाय." एवढ्यावर आबा समजत. फाटकाशी तंबाखू मळत बसलेले गडीही समजत, आणि उगीच दुसरीकडे बघत. चौदाव्या वर्षी माझ्या वाट्याला हे पहिल्यांदा आले तेव्हा मला पाळीपेक्षा त्या दुसरीकडे बघण्याची भीती जास्त वाटली.

म्हणून एकदा मी सांगितले नाही. तो खुड्याचा दिवस होता. मी दप्तर टाकून पडवीत बसले होते. आबा फाटकाशी उभे राहून ओरडले, "शकू, करंडा घिऊन ये गं पळत!" चार गडी माझ्याकडे बघत होते. मोठी आई घरात नव्हती. मी करंडा उचलला आणि आत गेले. दुपारभर ओळीओळीतून पाने गोळा केली. तो माझा दुसरा दिवस होता.

आठ-दहा दिवसांनी वेल मान टाकू लागले.

आधी एका वेलाची पाने पिवळी पडून लोंबली, मग शेजारच्या. मातीलगतचे खोड काळे पडे, बोटाने दाबले की मऊ लागे. आबांनी एक वेल उपटला, बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "मर लागली." दुसऱ्या दिवशी आबांनी मला बोलावले. त्यांना सही करण्यापुरते लिहिता येई. "शाळेची एक वही घे. रोज कुठल्या वाफ्यातला कितवा वेल गेला, त्ये लिव्हून ठेव. औषध टाकायला बरं पडंल." त्या वहीत मी मळ्याचा नकाशा काढला. प्रत्येक वेल एक टिंब. वेल गेला की टिंबाभोवती गोल आणि वर तारीख. पुढे मी आयुष्यभर वर्तमानपत्रात बातम्या लिहिण्या-तपासण्याचेच काम केले, पण पहिली नोंदवही ही. ती मी गुन्हेगाराने स्वतःच्या गुन्ह्याची ठेवावी तशी ठेवत होते. प्रत्येक गोल काढताना मला वाटे, हा माझ्यामुळे.

फाटकाशी बसणाऱ्यांत आबांचे चुलतभाऊ तात्या होते. त्यांचा मळा आमच्या उत्तरेला, जरा चढावर. दोन्ही मळ्यांचे पाणी एकाच पाटाचे, आधी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे. तात्यांच्या मळ्यात बाईमाणसाला बारा महिने बंदी होती. पाळीचा प्रश्नच नको म्हणून त्यांनी फक्त गडी ठेवले होते, आणि ही गोष्ट ते रोज कुणाला तरी सांगत.

"तुझ्या मळ्यात बायका हिंडत्यात, आबा," तात्या म्हणाले. "कुणाचं काय चाललंय तुला काय कळणार?"

"आमच्यात सांगत्यात," आबा म्हणाले.

"घरातल्या सांगत्याल. बाहेरनं येती तिचं काय?"

बाहेरून येणारी एकच होती, सुंदराबाई. ती निरवांगीची. नवऱ्याने टाकलेली, निमगावात लांबच्या मावशीच्या आधाराने राहत होती. तिशीची असेल. आमच्या मळ्यात सर्वांत झपाट्याने पान खुडणारी तीच होती, आणि तिच्या करंड्यात फाटके पान सापडत नसे. ती मोठ्याने हसे. गड्यांनी चेष्टा केली तर उलट उत्तर देई. एका गड्याने "सुंदरे, तुझा मालक कुठं हाय गं?" असे विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "तुझ्या बायकूला इचार, तिला ठावं आसंल," आणि तो गडी दोन दिवस शिडीवरून खाली बघत नव्हता. तात्यांच्या त्या एका वाक्यानंतर हे सगळे गुण लोकांना वेगळे दिसू लागले. तिचे हसणे निर्लज्ज झाले, बोलणे तोंडाळ झाले. नवऱ्याने टाकले ते काही उगीच टाकले नसणार, असेही कुणी म्हणाले. ती मळ्यात गेल्यावर वेल हलल्याचे पाहिलेला माणूसही निघाला.

इथे एक गोष्ट लिहिणे भाग आहे. तिचे नाव निघाले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. मी त्या दिवशी दोन भाकरी जेवले. नंतरच्या दोन-तीन दिवसांत मलाही ती तशी वाटू लागली. ती करंडा आपटून ठेवते, फाटकाशी असलेल्या देवाच्या दगडाला हात न जोडता पुढे जाते, हे मला आठवू लागले. खरे तर ती हात जोडत असे. मी पाहिलेले होते. आपण ज्याच्यावर आपले ओझे टाकतो त्याचा चेहरा आपल्याला सोयीचा दिसू लागतो, हे मी पुढे कितीतरी पोलीस ठाण्यांत आणि ग्रामसभांत पाहिले. "बाहेरगावच्या टोळीवर संशय" असे वाक्य बातमीत आले की मी वार्ताहराला फोन करून विचारत असे, कुणी पाहिले? बहुतेक वेळा कुणीच पाहिलेले नसे. माझ्या हाताखालचे लोक या सवयीला वैतागत. ती कुठून आली हे मी त्यांना सांगितले नव्हते.

आबांनी सुंदराबाईला फाटकावरच थांबवले. मी वही घेऊन शेजारी उभी होते.

"सुंदरे, तू आता येऊ नगंस."

"का वो आबा? खुडा तर हाय."

"हाय. पण तू नगं."

ती गड्यांकडे एकवार बघून म्हणाली, "मी काय केलं त्ये तरी सांगा."

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि पायाने माती उकरली. तिने अंगठ्याची नखी काढली, ती आमच्या घरची होती, आणि करंड्यात ठेवली. आठवडाभरात गावातल्या कुठल्याही मळ्यात तिला कुणी बोलावीना. टोमॅटो तोडायलाही कुणी नेईना, कारण पिवळे पडणारे पान टोमॅटोलाही असते. मावशीच्या सुनेने तिला दुसरे घर बघायला सांगितले. निरवांगीला भाऊ होता, पण त्याने एकदा तिला दारातून परत पाठवलेले गावाला माहीत होते. तरी ती सोमवारच्या एसटीने तिकडे जाणार, असे ऐकू आले.

ते ऐकल्यावर मला जेवण जाईना. शनिवारी दुपारी पडवीत आई आणि मी दोघीच पाने निवडत होतो. हादग्याची फुले सुपात पडली होती. मी डागी पान चांगल्यात टाकले, आईने ते उचलून माझ्या हातावर मारले. "ध्यान कुठं हाय तुझं?"

मी म्हणाले, "आई, मर माझ्यामुळं लागली."

आणि सगळे सांगितले. करंडा, गडी, दुसरा दिवस. मला वाटले होते ती मारेल, किंवा रडेल. ती पान हातात धरून बसली. मग उठली, चुलीकडे जाऊन आत कुणी नाही ना ते बघून आली आणि पुन्हा बसली.

"कुणाला सांगितलंस का?"

"न्हाय."

"सांगू नगं." मग पानांकडे बघत ती म्हणाली, "मी लगीन हून आल्यापासनं जातीय."

मला कळले नाही. "कुठं?"

"कुठं म्हंजे? मळ्यात. चारी दिवस. दर बारीला आक्कांना काय सांगायचं, आन त्या गड्यांनी तोंडं फिरवायची. मला न्हाय जमलं त्ये. कवातरी एकदा सांगायची, शंका नगं म्हणून. पैल्यांदा गेले तवा आठ दिस झोप न्हाय लागली. रोज वेल बघून यायची. काय न्हाय झालं. मग जातच राह्यले. सोळा वरसं."

"मग मर का न्हाय लागली?"

"त्येच तर," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच स्वतःलाच विचारत असल्यासारखी थांबली. "मला वाटायचं, मी एकलीच जाते, बाकीच्या पाळत्यात, त्यांच्या पुण्याईवर मळा हाय."

तेवढ्यात मधल्या दाराशी खाकरल्याचा आवाज झाला. मोठी आई उभी होती. घराचा नियम जिच्या तोंडून चाले ती बाई. आईच्या हातातले पान खाली पडले. मोठी आई पडवीत आली, गोणपाटाशी मांडी घालून बसली आणि पाने पुढे ओढली. बराच वेळ ती निवडत राहिली.

"मालन," ती आईला म्हणाली, "मी बी."

"आक्का!"

"ओरडू नगं. माझं मी कुणाला सांगणार हुते गं? तुमी मला सांगताय, मी ह्यांना सांगतीय, आन माझं सांगायला कोण? सासू हुती तवर तिला सांगितलं. ती गेल्यावर कुणालाच न्हाय."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आईला हसू फुटले. तिने पदर तोंडात कोंबला, तरी ते थांबेना, आणि मोठी आई, जिला मी कधी मोठ्याने हसताना पाहिले नव्हते, ती पानांवर वाकून खांदे हलवू लागली. "सोळा वरसं!" आई म्हणे. "माझी तर पंचवीस," मोठी आई म्हणे, आणि पुन्हा दोघी. मीही हसू लागले, आणि हसता हसता मला कळले की माझ्या छातीवरचे काहीतरी उठून गेले आहे. एकाच घरात, एकाच गोणपाटाभोवती रोज बसणाऱ्या बायकांना एकमेकींबद्दल हे ठाऊक नव्हते. प्रत्येक बाई नियम मोडत होती आणि प्रत्येकीला वाटत होते, मोडणारी आपण एकटीच. समाजमानस अभ्यासणारे लोक अशा गोष्टीला एक लांब नाव देतात. मला ते फार उशिरा एका व्याख्यानाची बातमी लिहिताना कळले. तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली आणि मग छापायला दिली.

हसणे संपल्यावर मोठी आई डोळे पुसत म्हणाली, "आन सुंदरा?"

आबांना हे सांगायचे कुणी आणि कुठल्या तोंडाने? तिला परत बोलवायचे तर मर कुठून आली हे दाखवावे लागणार होते. मी उठून वही आणली. नकाशा दोघींसमोर धरला. त्यांना वाचता येत नव्हते, पण टिंबे आणि गोल कळत होते. आईने बोट ठेवले. "हे सगळं वरच्या अंगाला हाय." खरेच होते. पहिले गोल सगळे उत्तरेच्या वाफ्यांत, पाट आत येतो तिथे. मग पाण्याच्या वाटेने खाली. मी त्या दिवशी करंडा घेऊन फिरले होते ते दक्षिणेच्या अर्ध्यात. सुंदराबाईच्या ओळीही तिकडच्याच. मी रोज गोल काढत होते आणि एकदाही संपूर्ण पान पाहिले नव्हते.

आबांनी औषध विचारायला बारामतीला निरोप पाठवलेला होता. रविवारी शेतीखात्याचे एक साहेब मोटारसायकलवर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मळ्यात शिरले. त्यांनी वेल उपटला, खोड चिरले, वास घेतला. "आधी कुठले गेले?" आबांनी माझ्याकडे बघितले. मी वही दिली. साहेबांनी ती उभी-आडवी करून बघितली आणि विचारले, "हे पाणी कुठून येतं?"

"वरनं. तात्याच्या मळ्यातनं."

"चला."

तात्या म्हणाले, माझा मळा स्वच्छ आहे, आत येऊ नका. साहेब आत गेले. उत्तरेच्या कोपऱ्यात मोकळी जागा होती, ताजी उकरलेली. तिथले वेल तात्यांनी महिन्यापूर्वीच उपटून टाकले होते, कुणाला कळू नये म्हणून. टाकले होते कुठे, तर पाटाच्या कडेला. कुजलेल्या वेलांचा तो ढीग अर्धा पाण्यात होता. साहेब म्हणाले, हा बुरशीचा रोग आहे, साचलेल्या पाण्यातून आणि पायाच्या चिखलातून जातो, पाट तोडा, चर काढा, कुजलेले वेल जाळा. आबा त्या ढिगाकडे बघत होते.

"तात्या," ते म्हणाले, "तुझ्या मळ्यात तर बाय न्हवती."

तात्यांना मी दोष देत नाही असे नाही, पण तेही कुणाच्या तरी दुसरीकडे बघण्याला भ्यालेच होते.

घरी आल्यावर मोठी आई दारातच म्हणाली, "सुंदरा उद्याच्याला जाणार हाय." आबा पाणी प्याले. "शकूला धाडा," ते म्हणाले. मी धावत गेले. सुंदराबाई गाठोडे बांधत होती. मी सांगितले, मर वरच्या मळ्यातून आली, आबांनी बोलावले आहे. तिने गाठ मारली. "पोरीला धाडलंय व्हय? घालवताना सोता आलं हुतं की. बोलवायला बी सोता यावं." मी हाच निरोप शब्दाला शब्द आबांना दिला. ते बराच वेळ उंबऱ्यावर बसले. मग पटका बांधून निघाले. तिकडे काय बोलणे झाले ते मी ऐकलेले नाही, म्हणून लिहीत नाही. ते अर्ध्या तासात परत आले आणि म्हणाले, "सकाळी येती."

सोमवारी खुडा होता. गडी फाटकाशी बसले होते. आई आणि मोठी आई आधीच आत ओळीला लागल्या होत्या. निरवांगीची एसटी हॉर्न देत निघून गेली आणि थोड्या वेळाने सुंदराबाई आली. ती फाटकाशी थांबली. आबांनी नखी पुढे केली, तिने घेतली नाही.

"आबा, आधीच सांगते," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आज माझा दुसरा दिवस हाय. आत येऊ का घरी जाऊ?"

गड्यांनी तोंडे फिरवली. मळ्यातला टक टक आवाज थांबला. माझ्या आयुष्यात कुणी पुरुषांसमोर हे वाक्य बोललेले मी तोवर ऐकले नव्हते. आबांचा चेहरा लाल झाला होता. मग आतून, पानांच्या आडून, मोठ्या आईचा आवाज आला. "ये की गं सुंदरे. तू एकलीच हायस व्हय? आमी काय दगडाच्या हाय?" आणि त्यामागोमाग माझ्या आईचे हसू.

आबा वळून आवाजाच्या दिशेने बघत राहिले. त्यांना सगळे कळले असावे, पंचवीस वर्षांचे, एकदम. त्यांनी मान हलवली, कुणाला उद्देशून ते कळले नाही. मग फाटकाची कडी काढली आणि बाजूला झाले.

"उत्तरेच्या वाफ्यात कुणी पाय टाकायचा न्हाय, रोगाचा चिखल हाय तितं," ते म्हणाले, आणि गड्यांकडे वळून, "तुमी बी न्हाय. बाकी कुठंबी जावा."

सुंदराबाईने नखी त्यांच्या हातातून घेतली, अंगठ्यात घातली आणि ती आत गेली.